हरण्यावरचं औषध

शहादा स्टँडवर शेजारच्या बाकावर एक शेतकरी मांडीवर औषधाचा कॅन घेऊन बसलेला. सोबत कृषी कॉलेजातली पुतणी.

"काका, केळीवरचा हरण्या विषाणूचा रोग आहे. त्याला औषध नाही."

"दुकानदार तर शे सांगस."

"आहे म्हणणारच, त्याला विकायचं आहे. विषाणूजवळ नुसता आरएनए, म्हणजे कामाचा हुकूम. राबते केळीचीच पेशी, त्याच्या नकला तिच्यातच निघतात. फवारून कोणाला मारशाल? रोगट झाडं उपटा, तिसऱ्यांदा सांगते."

"हिरवी तर चांगली शेतस ना?"

"त्यांच्यातही असू शकतो, पानावर उशिरा दिसतो. त्या वावरातला एकही कंद लावायला कोणाला देऊ नका."

काका कॅनचं झाकण फिरवत राहिला.

"काय झालं?"

"आपली पोर रोशनीनी सासरले केळीनी पहिली बाग शे. पोरले पहिला कंद माहेरनाच जातस ना. हिरवागार झाडं निवडीसन मीच धाडात."

"लावले?"

"सगळा फुटनात. सकाळे फोनवर हासत व्हती."