सूपमधली मिरी

हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

“अहो, आजचं हे तिसरं हॉटेल. पोटाला तडस लागलीय.”

“शहरातलं जे जे नावाजलेलं, ते सगळं खाऊन बघायचं, हे खूळ तुझंच.”

“मग पोराला शोधायचं कसं? आचारी होतो म्हणाला, तर तुम्ही घराबाहेर काढलंत.”

“रागात बोललो गं. सूप पी, निवतंय.”

“अहो... तुम्ही चाखा बरं.”

“मिरी फार झालीय.”

“तुम्हाला खोकला झाला की तो अशीच घालायचा.”

“...वेटर!”

“तिखट लागतंय का, साहेब? आमच्या आचाऱ्याला सगळे सांगतात, पण तो ऐकेल तर शपथ.”

“त्याला म्हणावं, बाहेर ये. म्हाताऱ्याचा खोकला अजून गेलेला नाही.”