नायक पुढे, पियानो मागे
"त्याचं काय काकू, कुठेही ठेवा, अडचण म्हणून होत नाही!" असं दिग्दर्शक आमच्या हॉलमध्ये सासूबाईंना दबक्या आवाजात सांगत होते, आणि मी दाराआड ट्रे घेऊन उभी... म्हटलं, नव्या सोफ्याबद्दल चाललंय! कसला सोफा? माझ्या नवऱ्याबद्दल चाललं होतं!

तुम्हाला सांगते, लग्न ठरलं तेव्हा एवढंच कळलं होतं की मुलगा नट आहे. मग कळलं, गातोही. लग्नानंतर कळलं, पियानोही वाजवतो, आणि असा वाजवतो की शेजारचे तक्रार करायला येतात आणि दारातच ऐकत उभे राहतात. मग अडलं कुठे म्हणाल? अहो, तिथेच तर अडलं! एकच काहीतरी येत असतं तर माणूस एका जागी टिकला असता. नाटक कंपनीत खलनायकाला ताप आला... "तो आहे ना!" नायकाचा घसा बसला... "तो आहे ना!" की हा विंगेतून गातोय आणि पुढे नायक नुसते ओठ हलवतोय. पियानोवाला ऐन प्रयोगाला रुसला... "तो आहे ना!" एकदा तर आजोबा होऊन रंगमंचावर मेला, अंधार होताच रांगत विंगेत गेला आणि पांढऱ्या मिशांसकट स्वतःच्याच मरणाचं शोकगीत वाजवत बसला! आणि जाहिरातीत नाव? "आणि इतर". आता माहेरी मी काय सांगू, श्रीयुत इतरांची बायको?

तर या नव्या नाटकाचा नायकच पियानोवादक. अभिनय, गाणं, वाजवणं, सगळं एकाच माणसाचं. तोंडी ठरलंही होतं की हाच करणार. महिनाभर हा जेवणाच्या टेबलावर बोटं नाचवतोय, झोपेत माझ्या खांद्यावर अख्खा दुसरा अंक वाजवतोय, मी बिचारी कूस न बदलता पडून! आणि आता दिग्दर्शक म्हणतात, "मालिकेतला तो देखणा मिळालाय हो. पुढे पियानोचा रिकामा खोका ठेवू, तो नुसती बोटं फिरवेल. खरं गाणं-वाजवणं पडद्यामागून."

"मागे कोण?" सासूबाई.

"तो आहे ना!"

"हो, आहे की!" म्हणाल्या सासूबाई. जणू कुणी वाटीभर साखर मागितली!

तेवढ्यात हा बाहेरून आला. दिग्दर्शकांनी खांद्यावर हात टाकून सगळं पुन्हा सांगितलं. मी याच्याकडे बघत होते. आधी हसला, मग हसू तसंच अडकून राहिलं, बोटं खिशात गेली, आणि तोंडातून आलं काय? "चालेल, सर."

ट्रे जरा जोरातच आपटला माझ्याकडून.

"नाही चालणार."

"अगंबाई, तू बोललीस?" सासूबाईंचा हात गालावर.

"बोलले, आई." मग दिग्दर्शकांकडे वळले. "पुढे बसवत असाल तर येईल. मागे नाही. त्याला नकार देता येत नाही, सर... आता लग्नच झालंय, तर तेवढा नकार मी देत जाईन."