सरूआत्याचं रडणं

सरूबाई : चहा नको. मालक जाऊन नऊ दिस झालं, चहाची चवच लागत न्हाई.

यशोधरा : पाणी तरी घे, आत्या. टाकव्याहून एकटीच आलीस? राजेंद्रदादाला सोबत आणायचं ना.

सरूबाई : पोराला खोटं सांगितलं. म्हनलं, कामशेतला दवाखान्यात जाते.

यशोधरा : मला यायला जमलं नाही गं. मामा गेले त्या दिवशी माझा बंगळुरूला कार्यक्रम होता. निरोप आला तेव्हा स्टेजवर चढत होते.

सरूबाई : ठाव हाय. तितं बी माजं रडणंच लावलं असशील.

यशोधरा : गाणं आहे ते. बाबांसाठी केलेलं.

सरूबाई : गाणं तुजं, रडणं माजं. दादा गेला तवा उशाशी बसून मी बोलले त्ये. "नदीतनं मला खांद्यावर न्हेलंस, दादा, आता कुनाच्या खांद्यावर चाललास?"

यशोधरा : तुला विचारलं होतं मी. गाण्याखाली तुझं नावही आहे.

सरूबाई : विचारलंस, मी म्हनलं घे. पोर बापाची आठवण मागतीय, न्हाई कसं म्हनू? मग कार्ल्याच्या फाट्यावर कणसाच्या गाडीवर माजाच आवाज. सोमाटण्याला हळदीत पोरं त्यावर नाचली. पैल्यांदा ऐकलं तवा जागीच थांबले. म्हनलं, आता कोन गेलं?

यशोधरा : ते नाचायचं गाणं मी नाही केलं गं. कुणीतरी त्यात ढोल घातले.

सरूबाई : तुला बोल लावत न्हाई, ऐक तर. मालकाला आंगणात निजवलं. मी पायापाशी बसले, तोंड उघडलं. "अवो" एवढंच निघालं, अन् शेजारच्या गोरखच्या सुनंनं फोन वर केला. मग आनखी दोघींनी. एक पोरगी हळूच म्हनली, "तीच ती, गाण्यातली."

यशोधरा : आई गं.

सरूबाई : मी तोंड मिटलं, त्ये मिटलंच. अट्टेचाळीस वर्सं संसार केला, यशे, अन् मालकाला मुक्यानं लावून दिलं. बाया म्हनल्या, भावाला रडली, नवऱ्याला न्हाई.

यशोधरा : काढून टाकते ते गाणं. आत्ता, तुझ्यासमोर.

सरूबाई : लोकांच्या फोनातनं कसं काढशील? अन् काढू बी नको. हाटेलातली नोकरी सोडलीस, कुनाच्या दारात न जाता उभी ऱ्हायलीस, ती त्या एका गाण्यावर. दादा असता तर गावभर सांगत फिरला असता.

यशोधरा : त्याच्यानंतर तीन गाणी केली, आत्या. एकही चाललं नाही. लोक लिहितात, ती बाई परत घे.

सरूबाई : म्हंजी मीच बसलेय तुज्या मानगुटीवर.

यशोधरा : दिवसरात्र. बाबांचा चेहरा आठवायला जाते, तर तुझा आवाज येतो. तू रडत होतीस आणि मी बघत होते, फोन किती जवळ धरू. मी रडलेच नाही गं.

सरूबाई : बघितलं व्हतं मी.

यशोधरा : मग मी काय करू, सांग ना.

सरूबाई : राजेंद्र म्हनतो, तुज्या ह्या खोलीतनं आवाज भाईर जात न्हाई. खरं हाय का?

यशोधरा : हो. भिंतींना, दाराला, सगळीकडे जाड फोम लावलाय.

सरूबाई : मग लाव दार. घरी सून हाय, शेजार हाय, रानात बी कोन ना कोन असतंय. परवा मालकाचं पुण्यानुमोदन हाय. त्याच्या आत मला मालकाशी बोलायचंय.

यशोधरा : मी बसू जवळ?

सरूबाई : बस की. तुजं बी ऱ्हायलंय. फोन कुटं हाय?

यशोधरा : बंद केला. हा बघ.

सरूबाई : अन् त्या यंत्रावर तांबडा दिवा कशाचा?

(यशोधरा उठून बटण दाबते. दिवा विझतो.)

यशोधरा : सवय लागलीय, आत्या. खोलीत कुणी आलं की हात आपोआप तिथं जातो. तू आल्यापासून रेकॉर्डिंग चालू होतं.

सरूबाई : तू भाईर थांब, पोरी. दार मी लावते.