सतरंजीवरचा व्यायाम

कंबरदुखीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर एक म्हातारी आई आणि तिचा मुलगा नंबराची वाट बघत बसले होते.

"आत गेल्यावर खरं सांग, आई. व्यायाम सोडलाय म्हणून."

"सांगते."

"पाठीवर झोपायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, कंबर थोडी उचलायची. त्यात काय डोंगर उचलायचाय?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. रात्रभर कण्हत असतेस, आणि व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवतेस."

"पलंगावर करते ना."

"पलंगावर चालत नाही, खाली सतरंजीवरच करायचा. जमीन काय खाते का तुला?"

"खाते."

"म्हणजे?"

"परवा केला होता खाली. तू कामाला गेल्यावर. कंबर उचलली आणि उसण भरली. मग उठताच येईना."

"मग मला फोन करायचास!"

"फोन ओट्यावर होता."

"थांब. परवा संध्याकाळी मी आलो, तेव्हा तू सतरंजीवरच होतीस. मला वाटलं, व्यायाम चाललाय."

"हो. 'शाब्बास आई' म्हणालास."

"म्हणजे सकाळपासून? अगं, मग तेव्हा तरी सांगायचंस!"

"तोंड उघडलं होतं रे. पण तू फोनवर बोलत होतास. मला ओलांडून चार्जर घेतलास आणि परत बाहेर गेलास."

"आई..."

"चल, आपला नंबर आला. हात दे जरा."