जनावराला मी माय केलं

माझं गाव सोनगीर, हायवेवरचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. बाप गाडीची चाकं करायचा, मी सातवी नापास, पण तोंड भारी चालायचं, म्हणून टुरिंग टॉकीजच्या मालकानं मला ठेवून घेतलं. तुम्ही लिहून घेताय म्हणून असं पुस्तकासारखं बोलतोय, नाही तर आपली बोली अहिराणी. काम काय, तर तंबूत इंग्रजी सिनेमा लागला की मशीनजवळ माइक धरून उभं राहायचं आणि पडद्यावर काय चाललंय ते अहिराणीत सांगायचं. इंग्रजी येत व्हतं का म्हणाल तर, काय सांगू तुम्हाला, यस, नो आणि कमॉन, संपलं. लोकांना तरी कुठं येत व्हतं.

त्या काळात एका जनावराचे सिनेमे यायचे, भागामागून भाग. शास्त्रज्ञांच्या औषधानं वाढलेलं समुद्रातलं जनावर, डोंगराएवढं. एका भागात मरायचं आणि पुढच्या भागात परत उठून यायचं. पहिल्या दोन भागांना गडी माणसंच आली, बायांची बाजू रिकामी. मालक म्हणाला, अरे बाया येतील असं काही तरी सांग. मंग तिसऱ्या भागाला मी सांगून टाकलं, हाई जनावर नही, माय शे, तिनी पोर हारपी गयी, ती शोधी ऱ्हायनी. शेवटी पाण्यात दोन माना दिसायच्या, एक मोठी, एक छोटी. मी म्हटलं, सापडनी पोर! बाया पदर डोळ्याला लावून रडल्या. दुसऱ्या दिवशी तंबू भरला.

त्या बायांत माझी अक्का व्हती, मोठी बहीण, सोनगीरलाच दिलेली. तिची सुमी चार वर्षांची, सात-आठ महिन्यांआधी धुळ्याच्या दवाखान्यात वारली. दाजी ट्रकवर, इंदूरकडे, अक्का स्वतः तापानं घरी पडलेली, म्हणून सुमीजवळ मी एकटा व्हतो. तेव्हापासून अक्का जेवायची नाही, बोलायची नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडायची. तो सिनेमा तिनं नऊ वेळा पाह्यला, नऊ वेळा! आणि दहाव्या दिवशी उठून चूल पेटवली, घरातल्या बठ्ठ्यांना भाकरी केल्या. मी मनात म्हटलं, चला, आपलं खोटं कामाला आलं.

पुढच्या हिवाळ्यात नवा भाग आला. एरवी मालक आधी एकदा मला एकट्याला सिनेमा दाखवायचा, मी गोष्ट जुळवून घ्यायचो. त्या दिवशी रिळांची पेटीच उशिरा आली, एसटीच्या टपावरून उतरली ती सरळ मशीनवर. काही पाह्यलेलं नाही, पोस्टरवर नुसत्या तोफा. आणि अक्का धुतलेलं लुगडं नेसून, पार पुढं येऊन बसलेली, जाता जाता मला म्हणते, आते ती पोर मोठी व्हयनी व्हई ना रे?

पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं, छोटं जनावर आईच्या मागं मागं चालतंय, मी सांगतोय, पण जीव थाऱ्यावर नाही. तिसऱ्या रिळात तोफा आल्या. छोटं पडलं. मी घाईनं म्हटलं, मरनी नही, मरनी नही, तिले झीट उनी! आई त्याला नाकानं हलवतेय, ते काही हलत नाही, मी आपला झीट उनी, झीट उनी. मंग शिपायांनी त्याच्यावर तेल ओतलं आणि पेटवलं. तरी मी तेच म्हणतोय, काय करू, तोंडातून दुसरं निघेचना. गड्यांच्या बाजूनं हसू फुटलं, अरे जळीसनी राख व्हयनी, आनी हाऊ म्हनस झीट उनी! शिट्ट्या, आरडाओरडा. तेवढ्यात अक्का उभी राहिली. हासू नका रे, म्हणाली, तो मन्हासाठे सांगी ऱ्हायना.

मी माइक खाली ठेवला. पुढचा सिनेमा माझ्या आवाजाशिवायच चालला.

सकाळी मी भीत भीत तिच्याकडं गेलो. ती भाकरी थापत व्हती, मागं न वळताच म्हणाली, सुमी झोपमाच गयी, तिनी मन्ही याद बी नही काढी, असं तू सांगं व्हतं. ते बी असंच का रे भाऊ?

हो म्हणावं तर ही परत भिंतीकडं तोंड करून पडेल, नाही म्हणावं तर आता माझ्यावर विश्वास कसा ठेवेल. शेवटी खरं सांगितलं. सकाळपासून दुपारपर्यंत ती तुलाच हाका मारत व्हती. लुगडं दिसलं की उठून बघायची. मी म्हणायचो, बसली ती एसटीत, येतेच आहे, तर दाराकडंच डोळे लावून व्हती. तसेच राहिले डोळे.

तव्यावरची भाकरी करपली, तिनं काढली नाही. मंग विचारलं, माले काय म्हने ती? माय का अक्का? आम्ही बठ्ठे अक्का म्हणायचो ना, म्हणून पोरगीही तेच शिकलेली. मी म्हटलं, अक्का. तेव्हा ती रडली, मोठ्यानं, गळा मोकळा करून. म्हणाली, इतला दिन तू मन्ही पोरना आवाज तुन्हापाशी ठेवा. महिनाभर माझ्याशी बोलली नाही, पण चूल काही विझवली नाही तिनं.

मी माइक सोडला तो सोडलाच, मालकाच्या मनधरणीनंही धरला नाही. पुढं गावात व्हिडिओ आला, तंबूही गेले, मीही पोटासाठी गाव सोडलं. आता अक्का म्हातारी झाली, ऐकू कमी येतं. अजून सोनगीरला गेलो की समोर बसवते, म्हणते, सांग. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगतो, ती सकाळ, ते दार, त्या हाका, पदरचं एक अक्षर घालत नाही. शेजारच्या बायांना ऐकू जातं, जाऊ द्या. सांगून झालं की माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, आते जेवाले बठ.