रेडॉनसाठी आवराआवर

आयोवातल्या आमच्या गावचं पोस्ट. रांगेत माझ्यापुढे आर्लिस आणि तिचा म्हातारा, व्हर्लिन. तिच्या हातात प्रयोगशाळेला पाठवायचं, रेडॉन तपासणीच्या डबीचं पाकीट.

"तळघर इतकं झकास कधी दिसलं नव्हतं, व्हर्लिन. प्रयोगशाळेतली माणसं नावं ठेवणार नाहीत."

"माणसं कुठं येतात? ही डबीच तेवढी जाते."

"कुबट वास नको म्हणून दोन्ही खिडक्यासुद्धा उघड्या ठेवल्या होत्या मी."

"कधी?"

"तपासणी चालू होती तेव्हा."

"अगं बाई! जमिनीतून तो कॅन्सर करणारा वायू घरात किती येतो तेच बघायचंय ना? खिडक्या बंद ठेवायच्या असतात!"

"मला काय ठाऊक?"

"तरीच पाय गारठत होते. मला वाटलं, म्हातारपण."

"जाऊ दे, हेच पाठवू. आकडा छान येईल."

"आणि टेसा? कॉलेज सुरू झालं की आपली नात त्या तळघरातच निजणार आहे."

"म्हणूनच म्हणते. आकडा वाईट आला तर सून तिला पाठवायची नाही."

"मग पाइप आणि पंखा बसवू. वायू छपराच्या वर निघून जाईल. शेजाऱ्यांनी नाही का बसवला?"

"आणि मग ती येईल?"

"का नाही येणार?"

"पुढचं कोण?" काउंटरवरून हाक आली.

आर्लिसनं पाकीट पर्समध्ये कोंबलं.

"आम्ही नाही. आम्हाला नवी डबी आणायचीय. चल रे, व्हर्लिन. आणि वाटेत पिवळा रंगही घेऊ, टेसाच्या खोलीला."