ग्राहकाचा शब्द अंतिम

साल एकोणीसशे त्रेसष्ट, मंडळी! फाल्गुन सरत आलेला, मिरजेच्या स्टेशनाबाहेर टांगेवाल्यांची ओरड चाललेली...

थांबा, टांगा पळून जात नाही. आधी एक सांगा. नवविधा भक्ती म्हणतात, त्यात पहिली कोणती? श्रवण! आणि कीर्तन? दुसरी! म्हणजे या नारदाच्या गादीवर घसा फोडणाऱ्या बाईपेक्षा खाली सतरंजीवर बसलेल्यांचा मान मोठा. खूश झालात? होऊ नका. नुसतं बसणं म्हणजे ऐकणं नव्हे! मग ऐकणं म्हणजे काय? देवळातलं राहू द्या – दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने ऐकायचं, म्हणजे नेमकं करायचं काय?

मंडळी, ऐका.

मिरजेत रंगनाथशेठ शेडबाळकरांचं सतारी-तंबोऱ्यांचं दुकान. काय त्या माणसाचा कान! आतल्या खोलीत तार केसभर उतरली, तर हे भरल्या ताटावरून उठायचे. पण समोरचा माणूस बोलायला लागला, की तोच कान जायचा कुठे, देव जाणे!

आदल्या वर्षी शेठ मुंबईला जाऊन एक व्याख्यान ऐकून आले होते. 'गिऱ्हाईक जिंकण्याची कला'! सुटाबुटातल्या साहेबांनी सांगितलं – गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघा, हसा, मान हलवा. शेठनी तिन्ही गोष्टी पाठ केल्या. 'आणि नीट ऐका' अशी चौथीही होती म्हणे. पण तेव्हा शेठ शेजारच्याशी बोलत होते! परत आले ते दुकानात पाटी लावूनच – 'ग्राहकाचा शब्द अंतिम'. आणि पाटी खोटी नव्हती हो! अंतिम शब्द ग्राहकाचाच असायचा – 'बरं, येतो.' आधीचे सगळे शेठचे!

तर अशा दुकानात तासगावच्या यमुताई आल्या. शाळेत मास्तरीण. गोधडीत गुंडाळलेला तंबोरा, तान्हं मूल आणावं तसा आणलेला.

"शेठ, भोपळ्याला भेग गेलीय. तेवढी सांधून द्या. वडिलांचा आहे, त्यांना–"

"वडिलांचा! वा! जुनं काम! आमच्या आजोबांच्या हातचं असणार!"

"असेल. पण आवाजाला मात्र–"

"आवाजाची काळजीच सोडा, ताई!" डोळ्यांत बघितलं. हसले. मान हलवली. "असा गुंजवतो, की तासगावपर्यंत ऐकू जाईल!"

"अहो, तसं नको! वडिलांना दिसत नाही. ते याच आवाजाला धरून–"

"चहा घेणार?"

"नको. रामनवमीला कीर्तन आहे त्यांचं. बहुतेक शेवटचंच."

"रामनवमीच्या आत देतो! शब्द दिला!"

यमुताई काय म्हणाल्या? "बरं, येते." अंतिम शब्द!

पडद्याआड शेठची बायको सगुणाबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, त्यांना आवाज बदलून नकोय. भेग तेवढी म्हणाल्या."

"ऐकलं मी."

"काय ऐकलंत?"

"तुला धंद्यातलं काय कळतंय गं?"

मंडळी, हे वाक्य ज्यांच्या घरात कधीच बोललं गेलं नाही, त्यांनी हात वर करा! ...बघा! बायका हसताहेत आणि पुरुष चपला शोधताहेत.

आता तंबोऱ्याचा जीव कुठे असतो, ते सांगते. तारा एका हाडाच्या घोडीवर टेकलेल्या असतात. ती घोडी कानशीने घासून तिला बारीक उतार देतात, त्याला म्हणायचं जवारी. त्या उतारावर आवाज उमलतो. एकदा घासलं की घासलं – हाड पुन्हा उगवत नाही! शेठनी भेग सांधली, अगदी बेमालूम. आणि मग कुणी न सांगता – अगदी प्रेमाने हो! – घोडी घासली. जुनी खरखर पार पुसून काढली. नव्या तारा, वर पॉलिश! गिऱ्हाईक जिंकायचं होतं ना!

रामनवमी तोंडावर आली. यमुताई वडिलांनाच घेऊन आल्या. नरहरबुवा – वाकलेले, दोन्ही डोळे गेलेले. शेठ सुरू झाले, "बुवा, असा आवाज लावलाय–"

बुवांनी तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या. मग भोपळ्यावरून हात फिरवला, ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"यमू, भोपळा माझाच आहे. आवाज कुणाचा आहे?"



यमुताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शेठ, मी सांगत होते."

बुवा म्हणाले, "मला देवळाचा खांब दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. हा मागे वाजायला लागला, की कळायचं, आपण घरात उभे आहोत. आता कशाला धरून उभा राहू?"

शेठनी तोंड उघडलं. "नवी जवारी आहे, थोडी वाजली की–"

सगुणाबाई पडद्याबाहेर आली. बुवांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तरी विचारा."

"काय विचारू?"

"कसा होता, ते!"

आणि मंडळी, रंगनाथशेठनी गिऱ्हाईकाला 'चहा घेणार?' सोडून जन्मातला पहिला प्रश्न विचारला. "बुवा... कसा होता हो तो आवाज?"

बुवा हसले. "चुलीवर दूध वर यायच्या आधी पातेल्याच्या कडेला कुजबुज होते ना? षड्ज विरताना तशी व्हायची."

शेठची जीभ ओठांवर आली. सगुणाबाई खोकली. जीभ आत!

"आणि खर्ज?"

"खर्ज म्हाताऱ्यासारखा. घसा साफ करून बोलायचा."

"म्हणजे उशिरा खुलायचा?"

"उशिरा नाही. लाजत."

"लाजत..." शेठनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग नवं हाड घेतलं. बापलेक मिरजेतच राहिली. रोज शेठ थोडं घासायचे, बुवांपुढे ठेवायचे आणि – गप्प बसायचे! शेजारच्या दुकानदाराने येऊन विचारलं, शेठची तब्येत बरी आहे ना?

रामनवमीच्या आदल्या दिवशी बुवांनी तारा छेडल्या. बराच वेळ ऐकत राहिले.

"हा माझा नाही."

शेठनी मान खाली घातली.

"पण ऐकून केलेला आहे. याला धरून उभा राहीन मी."

उभे राहिले! भर दुपारी, गुलाल उधळेपर्यंत! पुढची रामनवमी मात्र त्यांनी पाहिली नाही. यमुताई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. तंबोरा शेवटपर्यंत रोज सकाळी लावायच्या. सगुणाबाई पुन्हा पडद्याआड गेलीच नाही. गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसायची, आणि गिऱ्हाईक आधी तिच्याशी बोलायचं. शेठनी पाटी उतरवली आणि त्याच खिळ्याला ती बिघडवलेली घोडी टांगली. कुणी विचारलं, तर म्हणायचे, 'ही माझी पाटी.' म्हातारपणी ते ठार बहिरे झाले. मग काय, प्रत्येकाला 'काय म्हणालात?' विचारायचं आणि उत्तरासाठी तोंडाकडे बघत थांबायचं! मिरजेत त्यांच्याइतकं चांगलं ऐकणारा दुसरा दुकानदार नव्हता.

आता तुम्ही! तुमचे कान शाबूत आहेत, म्हणून तर काळजी वाटते. त्या खांबाजवळचे दादा मघापासून मान हलवताहेत – दादा, बुवांना काय हवं होतं हो? ...राहू द्या, राहू द्या, मोबाइलमध्ये नाही सापडणार ते!

घरी जा. येताना जिचं बोलणं अर्धवट तोडून आलात, तिला विचारा, 'काय म्हणत होतीस?' आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड मिटून बसा. जड जाईल! खोकायला कुणीतरी जवळ ठेवा.

आता तंबोरा तेवढा वाजू द्या. मीही गप्प बसते.